कुणाचं अडत नाही

ताई,

उद्या मुलाखत आहे. बांधकामाचं वेळापत्रक आखणारा इंजिनिअर हवाय त्यांना. पूर्वी तू इस्त्री करता करता साहेब व्हायचीस आणि "हं, पुढे बोला" म्हणत मला अहो-जाहो करायचीस. आता तयारी एकट्यानेच चाललीय. उद्याचा शर्ट खुर्चीच्या पाठीला अडकवलाय, तोच साहेब. तुझ्यापेक्षा बरा आहे, मध्येच फिदीफिदी हसत नाही.

पाया, कॉलम, स्लॅब, कशाआधी काय, सगळं घडाघडा सांगितलं. मग शर्टाने विचारलं, "फ्लोट म्हणजे काय?"

म्हटलं, "साहेब, काही कामं थोडी लांबली तरी पुढच्या कुणाचं अडत नाही. त्या मोकळिकीला फ्लोट म्हणतात."

उत्तर बिनचूक होतं. पण "कुणाचं अडत नाही" म्हणताना आवाज असा बारीक झाला, की मी उठून उगाच पाणी प्यायलो.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "उदाहरण द्या." उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही गं. काल फिरत फिरत फार उशिरा खोलीवर आलो. कुलूप मीच काढलं, दिवाही मीच लावला.

तुझ्या घरची धावपळ मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र टाकणार नाही. नोकरी लागली तर कळवीनच. पण ताई, एकदा सहज फोन कर आणि पूर्वीसारखी ओरड, "गधड्या, होतास कुठे इतका वेळ? जेवायची थांबलेय मी!"

तुझा,
धाकटा