न आलेली खेप

आबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हाही लिहिली नव्हती. आज लिहितेय, कारण जे सांगायचंय ते दुसऱ्या कुणाला सांगायची मला मुभा नाही. लिहून झालं की हा कागद फाडणार आहे. तरीही त्या गावाचं नाव मी घालणार नाही आणि त्या बाईंबद्दल दोन-चार गोष्टी मुद्दाम बदलून लिहीन. कुणाबद्दल आहे ते तुम्हाला कळेलच.

बीडला आता माझी स्वतःची खोली आहे, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. लोक घरी दाताचं सांगून निघतात आणि जिना चढून माझ्याकडे येतात. दोन खुर्च्या, एक पंखा, खिडकीला जाड पडदा. येणारी सगळी मोठी माणसं, बहुतेक चाळिशीपुढची. शिक्षक येतात, पतसंस्थेतले कारकून येतात, एकदा एका मुकादमाची बायको आली होती. पन्नास मिनिटं बसतात, बोलतात. माझी एकच एक पद्धत नाही. कुणाचं लहानपण उकलून बघावं लागतं, कुणाला रोजचे विचार वहीत लिहायला सांगते, कुणाला आधी नीट श्वास घ्यायला शिकवावं लागतं, आणि कुणाजवळ नुसतं बसावं लागतं. माणूस बघून ठरवायचं.

हे मी तुम्हाला एकदा सांगितलं होतं. तुम्ही शेवटचे अंबाजोगाईच्या दवाखान्यात होतात आणि मी उशाशी मोसंबी सोलत होते. तुम्ही म्हणालात, "लोकांचं ऐकतीस म्हनं तू. मग ते कुनाला सांगत न्हाईस ना?" मी म्हटलं, "नाही आबा, ते सांगायचंच नसतं." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. "मंग बरं हाय," म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला माझ्या कामावर भरवसा नाही. मी मोसंबीची फोड तुमच्या हातावर ठेवली आणि जरा रागातच उठून बाहेर गेले.

आता त्या दुष्काळाकडे येते. मी सातवीत होते. कारखान्याच्या हद्दीत ऊसच राहिला नव्हता, गाळप बंद होतं, आणि सहकारी कारखाना म्हटल्यावर सभासदांच्या गावांना पाणी द्यायला हवं म्हणून संचालकांनी ट्रकांवर टाक्या चढवल्या होत्या. तुम्ही ऊस ओढायचं सोडून पाणी ओढायला लागलात. रोज चार खेपा, चार गावं, आणि तिसरी खेप आपल्या गावची. तुम्ही वेशीवर हॉर्न वाजवला की आई परातीतलं पीठ तसंच टाकून घागर उचलायची आणि मी तिच्या मागे कळशी घेऊन धावायची. टँकर विहिरीत रिकामा व्हायचा, बायका पोहरे सोडायच्या. तुम्ही बाजूला उभे. घरच्या माणसांना आधी पाणी असं तुम्ही कधी केलं नाहीत. आईला त्याचा राग यायचा आणि मला अभिमान वाटायचा.

त्या दिवशी तुम्ही आला नाहीत. दुपारपासून बायका विहिरीजवळ बसून होत्या. ऊन उतरलं, तरी हॉर्न नाही. कुणीतरी म्हणालं, टँकर मोडला असेल. मग एक जण धारूरकडून आला, त्यानं सांगितलं की टँकर तर घाटाच्या रस्त्यानं गेला, मी माझ्या डोळ्यानं बघितला. घाटाकडे तुमचं एकही गाव नव्हतं. आई रिकामी घागर घेऊन घरी आली. ती चुलीपुढे बसलेली मला आजही दिसते, चूल पेटलेली आणि तिच्यावर काहीच नाही. दिवेलागणीला तुम्ही येता, दारात चपला काढता, तिच्याकडे बघत नाही. ती विचारते, "कुठं गेलता?"

"काम व्हतं."

"लोक म्हनतेत पानी इकलं. कुन्या बागाइतदाराच्या मोसंबीला घातलं म्हनतेत."

"म्हनू दे," तुम्ही म्हणता आणि कोरडी भाकरी मीठ-मिरचीबरोबर खाता.

चेअरमननी तुम्हाला बोलावून विचारलं. ते वाईट माणूस नव्हते, कारण सांग म्हणाले, मिटवून टाकू. तुम्ही कारण सांगितलं नाहीत. टँकर काढून घेतला आणि तुम्हाला कारखान्याच्या गेटवर बसवलं. शाळेत मी पाणीचोराची पोरगी झाले. महिनाभरानं मी धीर करून तुम्हाला विचारलं, "आबा, तुमी पानी इकलं का?" तुम्ही बाजेवर बसून बंडीला बटण लावत होतात. डाव्या हाताची दोन बोटं कारखान्याच्या गव्हाणीत, त्या ऊस ओढून नेणाऱ्या पट्ट्यात, गेलेली, त्यामुळे सुई धरायला तुम्हाला वेळ लागायचा. मान वर करून तुम्ही म्हणालात, "अक्कासाहेब, तुमाला काय वाटतंय?"

मी म्हणाले, "मला ठावं न्हाई."

तुम्ही मान हलवलीत आणि परत सुईत बघायला लागलात. मी "न्हाई, तुमी असं करनार न्हाईत" असं म्हणायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढे कॉलेजला जाताना गेटवरून जायला लागू नये म्हणून मी सायकल नाल्याच्या बाजूनं घालायची. तुम्हाला गेटवरून ती वाट दिसायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी एक बाई माझ्याकडे आल्या. पन्नाशी उलटलेली, प्राथमिक शाळेत शिक्षिका. झोप लागत नाही, छातीत धडधड होते, डॉक्टरांचं सगळं तपासून झालं होतं. दोन-तीन वेळा आल्यावर खरं कारण निघालं. त्यांच्या मुलीला सासरी त्रास होता. ती फोनवर रडायची, मी येऊ का म्हणायची, आणि यांच्या तोंडून 'ये' हा शब्द निघायचा नाही. "सगळ्या वर्गाला मी धीट व्हा म्हणून शिकवते," त्या म्हणाल्या, "आणि पोरीला दोन अक्षरं बोलता येईनात." मी त्यांना विचारलं, तुम्हाला कधी कुणी ये म्हटलं होतं का? त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग एकोणीस वर्षांच्या असतानाचं सांगायला लागल्या.

नवीन लग्न, दुष्काळ, सासरी मारहाण. एका दुपारी त्या गावाबाहेरच्या विहिरीवर गेल्या आणि आत पाय सोडून काठावर बसल्या. विहिरीत पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं, खाली नुसते दगड. तेवढ्यात टँकर आला. "ड्रायव्हरनं रोजचा हॉर्न वाजवला नाही," त्या म्हणाल्या. "खाली उतरला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, अक्कासाहेब, जरा सरका, पाइप सोडायचाय. मी पाणी भरायला आल्यासारखं. मी सरकले. त्यानं पाइप सोडला आणि मागच्या चाकाला टेकून, माझ्याकडे पाठ करून खाली बसला. म्हणाला, रिकामा व्हायला लई येळ लागतो. बोलायचं तर बोला, न्हाईतर बसा."

आबा, पंख्याचा आवाज मला ऐकू येईनासा झाला होता. अक्कासाहेब तर कुणीही म्हणेल, असं मी मनाला सांगत होते.

"पाणी बारीक धारेनं पडत होतं," त्या म्हणाल्या. "मला नंतर कितीतरी वर्षांनी कळलं, टँकर एवढा हळू रिकामा होत नसतो. त्यानं पाणी सोडायची चकती अर्धीच फिरवली होती. मी बोलत होते, तोवर त्यानं ती पूर्ण उघडली नाही. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. त्या हातानं तो ती चकती धरून बसला होता."

मग त्यांना केबिनमध्ये बसवून तुम्ही घाट ओलांडून त्यांच्या वडिलांच्या दारात नेलंत. वडील उंबऱ्यात आडवे उभे राहिले होते, लोक काय म्हणतील म्हणत होते. तुम्ही ओट्यावर बसलात आणि म्हणालात, "पाहुनी म्हून ठिवा, पर ठिवा. मी ह्यातलं कुठं बोलनार न्हाई." वडील बाजूला झाले. पुढे त्यांनी मुलीला शिकवलं. "त्या माणसाचं नाव मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यानं कुठं बोलल्याचं कधी कानावर आलं नाही. नाहीतर माझ्या धाकट्या बहिणींची लग्नं झाली नसती."

वेळ संपली तेव्हा मी नेहमीसारखं पुढच्या भेटीचं विचारलं आणि त्या गेल्यावर दार आतून लावून घेतलं. मला पळत जाऊन त्यांना सांगायचं होतं की ते माझे वडील. गावात जाऊन सांगायचं होतं, आईच्या फोटोला सांगायचं होतं. ती तर शेवटपर्यंत तुम्ही पाणी विकलंत असं समजूनच राहिली. आमच्या कामात, आपण गोंधळलो की ज्यांना विचारायचं अशा एक वडीलधाऱ्या बाई असतात. माझ्या बाई पुण्याला आहेत. त्यांना मी नावगाव न सांगता सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सांगून कुणाला बरं वाटेल? त्यांना की तुला?" मी म्हटलं, मला. "मग ते तू माझ्याजवळ रड," त्या म्हणाल्या, "आणि तिथं त्यांचं ऐक. जमेल का ते आधी बघ. नाही जमलं तर त्यांना दुसऱ्या कुणाकडे नीट सोपवू." मी बघितलं, आबा. जमलं.

पुढचे काही महिने आम्ही त्या दुपारपाशी पुन्हापुन्हा गेलो. त्यांना ती विहीर आठवली की हात गार पडायचे. मग आम्ही आधी श्वासावर यायचो, पाय जमिनीवर टेकवायचो, आणि मग वडिलांच्या उंबऱ्यावर. तिथं त्यांना हळूहळू दिसायला लागलं की मुलीला ये म्हणायचं म्हणजे आपणच त्या उंबऱ्यात उभं राहून बाजूला व्हायचं. श्रावणात एकदा त्या आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "आणली." मुलगी सिरसाळ्याला मावशीकडे राहून एक कोर्स करतेय आता. बाईंना झोप लागते. भांडणं आहेत, कोर्टाच्या तारखा आहेत, पण झोप लागते.

आपल्या गावच्या बायका त्या दिवशी तहानलेल्या घरी गेल्या, हेही खरं आहे आणि त्यांचा राग खोटा नव्हता. तुम्ही हे सगळं मनात घेऊन गेटवर स्टुलावर बसून राहिलात, मुलगी नाल्याच्या वाटेनं जाताना बघत. दवाखान्यात मला विचारलंत तो भरवशाचा प्रश्न नव्हता, हे आता कळतं. एकाच कामातल्या दोन माणसांचं ते बोलणं होतं, आणि मी उठून गेले.

त्या बाई शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा जाता जाता दारात थांबल्या. म्हणाल्या, "इतके दिवस माझंच चाललंय. तुमचे वडील काय करायचे हो?" असं कुणी विचारलं की मी हसून प्रश्न परत त्यांच्याकडे वळवते. तसंच शिकवलेलं आहे. त्या दिवशी मी म्हणाले, "ड्रायव्हर होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "फार बोलायचे का?"

"न्हाई," मी म्हणाले. खोलीत मी कधी तुमच्यासारखं 'न्हाई' म्हणत नाही, तिथं माझी भाषा वेगळी असते. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या जिना उतरून गेल्या. पुण्याच्या बाईंना मी सगळं सांगते, पण हे दारातलं अजून सांगितलेलं नाही.