नीट लागणारं दार

लडलो, १९ जून

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र आणि संत्र्याचा मुरंबा, दोन्ही सुखरूप पोचलं. साखर जरा जास्तच झालीय, पण तुझ्या भावाने अर्धी बरणी फस्त केली, तेव्हा मी कोण बोलणार! इथे सगळं ठीक. गुलाबांवर मावा पडलाय, माझा गुडघा कुरकुरतो, शेजारचा कुत्रा भुंकतो आणि मी त्याच्यावर भुंकते.

तू विचारलंस, क्लबचा रविवारचा जुन्या गाड्यांचा मेळा कसा झाला. झाला. ऊन छान होतं.

लेनर्डची हिरवी गाडी मी दोन वर्षांपूर्वी विकली हे तुला ठाऊकच आहे. तो मोडलेला पाय घेऊन इस्पितळात होता आणि रात्रीच्या नर्सचे पैसे काही झाडाला लागत नाहीत. जन्मभर मी त्या गाडीला सवत म्हणत आले, पण ती ट्रकवर चढली तेव्हा ढसाढसा रडले. तो घरी यायच्या आत तिची स्वस्तातली नक्कल आणून गॅरेजमध्ये उभी केली. तोच हिरवा रंग, दारावर तोच सातचा आकडा. त्याला गाडी चालवायला बंदी, किल्ली माझ्याकडे. रोज सकाळी तो गॅरेजच्या खिडकीतून डोकावायचा, "आहे" म्हणायचा आणि चहाला यायचा. त्या एका "आहे"साठी मी आणखी चार गाड्या विकल्या असत्या.

यंदा क्लबला पन्नास वर्षं झाली. ज्यांनी तो काढला त्यांतला लेनर्ड एकटाच उरलाय. अध्यक्ष रॉडरिक पाल्फ्री आमंत्रण द्यायला आला तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात ओढून खरं सांगून टाकलं. बिचाऱ्याच्या घशात बिस्किट अडकलं.

"अगं विनी, नकली गाड्यांना हिरवळीवर जागा नाही! त्यांनी कुंपणापलीकडे उभं राहायचं, संडासांशेजारी. आणि हा नियम केला कोणी? तुझ्याच नवऱ्याने!"

मला काय सांगतोस, म्हटलं. "नकली ती नकली, आणि हुबेहूब असली तर दुप्पट नकली," हे मी किती जेवणांना ऐकलंय! पण पुढच्या वर्षी तो कुठे असेल कोण जाणे. एक दिवस डोळ्यांवर कातडं ओढ, रॉडरिक. त्याने ओढलं.

रविवारी रॉडरिकनेच गाडी नेऊन हिरवळीच्या मधोमध लावली. लेनर्डने टाय बांधला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तो हळूहळू वाकून आत बसला आणि दार ओढलं.

तुला आपल्या गाडीचं दार आठवतं ना? जरा उचलून, वर कंबरेने धक्का दिल्याशिवाय लागायचं नाही मेलं. माझे किती पायमोजे फाडलेत त्याने! या गाडीचं दार खट्‌कन लागलं. लेनर्डने ते उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा खट्‌. मग तो बाहेर आला.

"रॉडरिक, ही आत कोणी घेतली?"

"तुझीच गाडी आहे, लेनर्ड."

"मला शेंडी लावतोस? हिचं दार लागतंय!"

दोघंतिघं हसले. तो नाही हसला. चार जणांना हाक मारून त्याने गाडी कुंपणापलीकडे ढकलायला लावली, आणि आवाज असा खणखणीत की मला क्षणभर त्याचा अभिमानच वाटला. वेडं मन, दुसरं काय.

मी त्याचं कोपर धरलं. हळूच म्हटलं, "चल रे, चहा घेऊ या." त्याने माझ्याकडे पाहिलं. मघाशी दाराकडे पाहत होता ना, तसंच.

"बाई, तुम्हीही तिकडेच जा," तो म्हणाला. "अगदी हुबेहूब आहात. पण माझी विनी असं गोड बोलत नाही. ती खेकसते. कुठे ठेवलंय तिला?"

हेस्टर, आता लिहूनच टाकते. हे रविवारी सुरू झालेलं नाही. ईस्टरपासून तो मला "बाई" म्हणतो. रात्री खोलीला आतून कडी घालतो. माझ्या हातचं खात नाही. पाव आणि तुझा मुरंबा, बस्स, कारण बरणीवर तुझं अक्षर आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, त्यांच्याशी मऊ बोला, वाद घालू नका. मी जीभ चावून चावून मऊ झाले. आणि त्याच मऊपणाने मला पकडून दिलं.

म्हणून काल तो चिखलाच्या बुटांनी स्वयंपाकघरात शिरला तेव्हा मी तोंड सोडलं. "लेनर्ड हॅरप! गोठा आहे का हा? काढ ते बूट!" तो जागच्या जागी थांबला. निमूटपणे वाकून नाड्या सोडायला लागला. मला वाटलं, ओळखलं गं याने. मग त्याने मान वर केली, आणि कीव आल्यासारखा म्हणाला, "छान जमलंय तुम्हाला. बराच सराव केला असेल."

पंचावन्न वर्षं, हेस्टर.

आता असं आहे. तो कडी घालायचा थांबला नाही, नीट जेवला नाही, तर महिनाअखेरीस त्याला हेरफर्डच्या वृद्धाश्रमात हलवणार आहेत. तिथे कुणाला भेटायचं हे त्याला विचारतात. मला तो आत घेणार नाही.

तुझा आवाज तो अजून ओळखतो. त्याला फोन कर. मीच खरी विनी आहे असं मात्र सांगू नकोस, नाहीतर तुझ्यावरचाही विश्वास उडेल. म्हणावं, विनी माझ्याकडे आहे, खुशाल आहे. या बाईंना तिनेच पाठवलंय. त्यांच्या हातचं खा आणि रात्री कडी घालू नकोस. तू कधी खोटं बोलत नाहीस, मला माहीत आहे. म्हणूनच तुला सांगतेय. मला कुंपणापलीकडची जागा चालेल. तिथून तो दिसला म्हणजे झालं.

आणखी दोन बरण्या पाठव. नाव तुझ्याच हाताने लिही.

फोन मीच उचलेन. तेव्हा मला विनी म्हणू नकोस, तो शेजारीच बसलेला असतो. यापुढची पत्रंही तो उघडून बघेल, म्हणून हे नाव इथे एकदा लिहून घेते.

तुझी,
विनी