ओटीतला नारळ

१ जून

निशाच्या भरवशावर पोरगी पाठवली, हेच चुकलं! सख्खी बहीण माझी. म्हणली, अक्के, मे महिन्यात गुहागरला माझ्या खानावळीत गिऱ्हाईक लई, तनूला दे मदतीला, बारावी झाली तिची, समुद्र बघंल. बघितला समुद्र! आज हर्सूलला परत आली तर ओढणीला गाठ. गाठीत नारळ, खण, मूठभर तांदूळ.

ओटी कुणी भरली?

म्हणती, ऋतुराजच्या आईनं.

हा ऋतुराज कोण? तर खानावळीशेजारचा. किनाऱ्यावर सायकली भाड्यानं देतो.

आमच्यात बिनलग्नाच्या पोरीची ओटी पोराची आई एकदाच भरती — कुंकवाच्या दिवशी. सुपारी फुटल्यावर, चार माणसांसमोर. आन् इथं परस्पर सोयरीक! ना बाप, ना मामा!

२ जून

तनूला समोर बसवलं. काय करत व्हतीस तिथं?

"वाळूत बसायचो. बोलायचो."

बस?

"त्यानं पोहायला शिकवलं."

माझे हात पिठात तसेच राहिले. ती मात्र सांगतच सुटली — आई, लाट आली की पळायचं नाही, तिच्यावर अंग टाकायचं. आधी बुडाले, नाकात खारं पाणी गेलं, मग तरंगले! उन्हानं काळी पडलीय, पण तोंड असं उजळलेलं की मला रागवता येईना. हिला असं कधी बघितलं नाय. म्हणून जास्तच भ्या वाटलं.

३ जून

ह्यांना अजून सांगितलं नाय.

४ जून

निशाकडून नंबर घेतला आन् लावला त्या बाईला. म्हणलं, ओटी परत पाठवते, आमची पोर सतराची हाय.

ती हसली! "अहो ताई, पोर महिनाभर आमच्या अंगणात वावरली, रिकामी कशी पाठवू? जाणाऱ्या कुणालाही देतो आम्ही नारळ. लग्न कसलं? ऋतुराज ऑगस्टात जहाजावर शिकायला चाललाय."

जीव भांड्यात पडला. फोन ठेवून वळले तर दारात तनू. सगळं ऐकलेलं — मला कुठं हळू बोलता येतं!

तोंड पांढरं फटक. तेव्हा कळलं. तिलाबी तेच वाटलं व्हतं, जे मला. हर्सूलचीच ना पोर! ओटी भरली म्हणजे ठरलं, असं समजून गाडीत ती गाठ धरून बसली असंल.

६ जून

तनू जेवत नाय.

निशानं फोनवर ह्यांच्यापाशी तोंड उघडलं. हे दाणदाण आत आले. "भरल्या ओटीची पोरगी घरात ठेवायची? फुलंब्रीची माझी बहीण कधीची तिच्या शिवमसाठी मागतीय. बुधवारी बोलावतो कुंकू लावायला."

म्हणलं, अहो, ती ओटी तसली नव्हती!

"लोकांना काय सांगत बसू?"

आन् तनू आतून म्हणती, "येऊ द्या त्यांना. मी हो म्हणते."

जसं कुणी चहा नको म्हणावं, तसा आवाज.

८ जून

नणंदेचा फोन — "वहिनी, साडी कोणत्या रंगाची आणू?" मी म्हणलं, बघू. बघू! माझीच मला चीड येतीय.

९ जून

फुलंब्रीला मीच सांगितलं — येऊ नका. पोरगी अठराची नाय. आलात तर पोलिसाला मी बोलावीन. नणंद रडली. हे ताटावरून उठले. उठू दे.

तनूला म्हणलं, तुझा हो रागाचा हाय, तो मी धरत नाय. त्या पोरावरचा राग बाजूला ठेव, बापाचं भ्या ठेव, माझंबी ठेव. तुला स्वतःला काय पाहिजे? मला कुणी कधी विचारलं नाय, म्हणून विचारायची सवयबी नाय. पण आता विचारलंय. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांग. तोंडानं. "तू म्हणशील ते" असलं उत्तर मी घेणार नाय.