चौसष्ट टक्के

८ मार्च, रविवार

काय घडलं ते आधी नुसतं क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. काल संध्याकाळी शिरीष आणि अनुयाच्या कॉन्डोत त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता. आम्ही चौघं गेलो — निशिकांतदादा, मीनलवहिनी, त्यांचा नील आणि मी.
२. केक कापून झाल्यावर शिरीष माझ्याजवळ आला. तोंडात समोसा. "काय क्षिप्राबाई, डुबवलंत की आम्हाला तुमच्या मॉडेलने!"
३. मी विचारलं, कुठलं मॉडेल.
४. त्याने फोन पुढे केला. अमेरिकन लीगच्या बास्केटबॉल सामन्यांचा तक्ता. माझा. डाव्या कोपऱ्यात माझं नाव, खाली ठळक अक्षरांत — अचूकता ६४%.
५. मी विचारलं, हे कुठून आलं. तो हसला. "कुठून म्हणजे? तुमच्या घरातूनच की! आम्ही तिघं-चौघं पैजा लावतो त्याच्यावर. छोट्या छोट्या हं, उगाच डोळे मोठे करू नकोस."
६. हॉलच्या दुसऱ्या टोकाला दादा नीलच्या शर्टावरचं क्रीम पुसत होता. माझ्याकडे बघून त्याने हात केला. शिरीष त्याचा बॅडमिंटनचा जोडीदार.
७. परतताना नील माझ्या खांद्यावर झोपला.

एवढंच. आता मत: शी!

९ मार्च, सोमवार

ऑफिसात दिवसभर स्क्रीनकडे बघत बसले. वन-नॉर्थच्या त्या थंडगार मजल्यावर मला घाम फुटला होता, रागाने.

लोकांनी पैज लावली याचा राग आहेच. त्याहून जास्त राग आकड्याचा आहे. चौसष्ट माझा नाही!

गेल्या वर्षी हे मॉडेल मी शिकायला म्हणून केलं. शाळेत खेळायचे, खेळ कळतो. चेंडू शंभर वेळा हाती आला तर कुठली टीम किती गुण करते, किती देते, सामना किती वेगाने खेळते, काल खेळून आज पुन्हा खेळतेय का — यावरून जिंकण्याची शक्यता काढायची आणि बुकीच्या भावाशी ताडून बघायची. पहिल्याच फेरीत चौसष्ट टक्के अंदाज बरोबर! घरच्या सगळ्यांना दाखवलं. वहिनीने टाळ्या वाजवल्या. फाइल घरच्या सामायिक फोल्डरमध्ये राहिली.

पंधरा दिवसांनी चूक सापडली. नोव्हेंबरच्या सामन्याचा अंदाज मी अख्ख्या सीझनच्या सरासरीवरून काढत होते. म्हणजे नोव्हेंबरला एप्रिल आधीच माहीत होता. पेपर फुटलेला, आणि वर मार्कांचं कौतुक! प्रत्येक सामन्याला फक्त त्याच्या आधीचे आकडे दिले, तेव्हा चौसष्टाचे एकावन्न पॉइंट आठ झाले. बुकीचा भाव दोन्ही बाजूंना एक पॉइंट नव्वद असेल, म्हणजे शंभर लावून जिंकलं की एकशे नव्वद परत, तर नुसतं बरोबरीत राहायला शंभरात त्रेपन्न लागतात. थोडक्यात, माझं मॉडेल वापरणारा माणूस सावकाश बुडतो. न वापरणारा जरा लवकर.

हे मी तेव्हा जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं! कुणी ऐकलं नाही. नीलच्या स्पेलिंग टेस्टचा विषय चालू होता.

नवी, खरी फाइल त्याच फोल्डरमध्ये आहे. उचलली कुठली? जुनी. आकडा छान होता ना.

१० मार्च, मंगळवार

सकाळी LRT ट्रेनच्या स्टेशनपर्यंत दादा आणि मी बरोबर चालतो. आज विचारलं.

"दादा, माझी फाइल शिरीषला तू दिलीस?"

तो थांबला. बुटाची लेस सुटली नव्हती, तरी वाकून बांधली.

"कुठली फाइल?"

"तुला माहितीये कुठली."

"...असेल दिली."

"असेल?"

"दिली, क्षिपे. माझी चूक. झालं?"

झालं? मी म्हटलं, परवाना नसलेल्या साइटवर पैज लावणं इथे गुन्हा आहे. तुझ्या बँकेत कळलं तर त्याच दिवशी घरी पाठवतील. आणि वर माझं नाव! आकडा खोटा, नाव खरं!

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! मराठी कळतंय कुणाला!"

हे वाक्य आमच्या सेंगकांगमध्ये बोलू नये, दर ब्लॉकमध्ये मराठी माणूस आहे. मागून आमच्याच ब्लॉकच्या देवधर काकू येत होत्या. "गुड मॉर्निंग हं," म्हणाल्या आणि ऐकू यावं म्हणून चाल कमी केली.

मी एकच गोष्ट मागितली: त्या लोकांना माझ्यासमोर सांग की चौसष्ट खोटा आहे. "सांगतो," म्हणाला. कधी? "सांगतो म्हटलं ना!"

गाडी आली. चढता चढता मी त्याला चोर म्हटलं. तो दांडी धरून बाहेर बघत राहिला.

पुण्यात मला रोज बास्केटबॉलच्या कोर्टावर सायकलवर डबलसीट नेणारा माणूस हा. इथे नोकरी लागली तेव्हा "वेगळी खोली कशाला, आमच्याकडे ये" म्हणणारा हाच.

११ मार्च, बुधवार

सांगितलेलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

आजही नाही. रात्री त्याने पहिली गरम पोळी माझ्या ताटात वाढली. मी ती परत डब्यात टाकली. नील त्याच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाला, "आत्या, व्हाय यू सो फियर्स वन?"

आठ वर्षांच्या मुलाला काय सांगू — तुझा बाप आकडे वाचत नाही?

१४ मार्च, शनिवार

शाळेला आठवड्याची सुट्टी लागली. दादा नीलला पोहायला घेऊन गेला. वहिनी माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेवर बसली, चादरीच्या सुरकुत्या हाताने सारख्या करत राहिली.

"क्षिप्रा, जाऊ दे ना आता. किती ताणशील? तो दमून येतो गं."

"मी काय मागितलंय? एक वाक्य."

"सांगेल तो. पण मला एक कळत नाही. तुझ्या नव्या फाइलमध्ये एकावन्न आलं ना? म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्तच की. मग नुकसान कसं?"

मी ओरडलेच. "वहिनी, तू अकाउंटंट आहेस! बुकीचा वाटा कोण धरणार?"

"बरं बाई, चुकलं," म्हणाली. उठली. दारात थांबून म्हणाली, "सारखं तर नाही ना हरत कुणी. कधीतरी फिरतंच."

ही बाई दुसऱ्यांच्या हिशेबातली एक सेंटची तफावत शोधायला दुपार घालवते! नवऱ्याची बाजू घ्यायची म्हटली की बायका गणितसुद्धा विसरतात. आई-बाबांची डिसेंबरातली ट्रिप रद्द झाली तेव्हाही हिनेच समजूत काढली होती — तिकिटं फार महाग झालीत, पुढच्या वर्षी बोलावू. आता कळतंय ते पैसे कुठे गेले. दादा!

१५ मार्च, रविवार

बुओना व्हिस्टाला खोली बघून आले. ऑफिस चालत दहा मिनिटं. खिडकी लहान, फ्रीजमधला एक कप्पा माझा. घरमालकीण म्हणाली, "लाइट कुकिंग ओन्ली, ओके? नो करी." मी म्हटलं, ओके. मंगळवारी कळवते.

घरी कुणाला सांगितलेलं नाही. आल्यावर दादाने विचारलं, "जेवलीस?" मी दार लावलं.

१७ मार्च, मंगळवार

दादा सांगत नाही, तर मीच सांगणार. पण पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. म्हणून शिरीषला लिहिलं, आजपर्यंत आलेले सगळे अंदाज मला पाठव, कुठे कुठे चुकले ते दाखवते. त्याने दुपारी भरभरून स्क्रीनशॉट पाठवले. "घ्या! आता तरी जिंकवा."

बहुतेक मेसेज फॉरवर्ड केलेले, मूळ पाठवणाऱ्याचं नाव नाही. वेळा आहेत. त्या बघत गेले आणि जेवण राहिलं.

तिकडची रात्र ती आपली सकाळ. सामने आपल्याकडे सकाळी सातपासून दुपारपर्यंत चालतात. आणि हे मेसेज सामना चालू असतानाचे आहेत. "हाफ टाइम. क्षिप्राच्या शीटप्रमाणे हे मागून येणार, आत्ता लावा." बुधवार, दहा वीस. गुरुवार, अकरा. सोमवार — काल! — नऊ चाळीस.

दादा साडेआठला चांगी बिझनेस पार्कमध्ये, बँकेत असतो. त्याच्या टीमला मजल्यावर फोन न्यायला बंदी आहे. फोन लॉकरमध्ये, जेवायच्या सुट्टीपर्यंत. गेल्या वर्षी बाबांना ॲडमिट केलं तेव्हा तो फोन उचलेना म्हणून मी त्याच्या रिसेप्शनला फोन करून त्याला खाली बोलावून घेतलं होतं. मी! मला हे माहीत होतं.

मग सोमवारी नऊ चाळीसला फोन कुणाच्या हातात होता? सकाळी घरून काम करणारं या घरात एकच माणूस आहे.

तरी खात्री केली. अनुयाला फोन लावला. "अगं, मीनलच तर टाकते आमच्या ग्रुपवर. मी शिरीषला पाठवते. तुला माहीत नाही? आम्हाला वाटलं तूच सांगतेस तिला."

दहा दिवस मी दादाला गुन्हेगार धरून चालले होते. उत्तर आधी आत घातलं आणि दिसेल ते त्यात बसवलं. ती लेस, ते बाहेर बघत राहणं, ती तिकिटं. फुटलेला पेपर! पुन्हा!

घरमालकीणबाईंना अजून कळवलेलं नाही.

१८ मार्च, बुधवार

आठ दिवसांनी आज दादाबरोबर चालले. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर विचारलं, "वहिनीचं तुला केव्हापासून माहीत आहे?"

काय, कशाबद्दल, काही विचारलं नाही त्याने. "डिसेंबर. आई-बाबांची तिकिटं काढायला बसलो तेव्हा. खात्यात काही नव्हतं."

"मग माझ्या शिव्या का खाल्ल्यास? चोर म्हटलं मी तुला!"

"तू माझ्यावर चिडलीस की महिन्याभरात बोलायला लागतेस. लहानपणापासून बघतोय. तिच्यावर चिडली असतीस तर कायमची गेली असतीस."

मला ओरडायचं होतं.

"आणि आता ते संपलंय गं," तो म्हणाला. "डिसेंबरातच बंद केलं तिने. नीलच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं मला. शिरीषकडे जुनंच काहीतरी फिरत असेल."

खिशात माझ्या फोनमध्ये सोमवारचा नऊ चाळीसचा मेसेज होता. गाडी आली. बसायला जागा मिळाली तर त्याने मला बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

मी दाखवला नाही.

दिवसभर राग जागा शोधतोय. दादाचा राग येतो — विश्वास ठेवतो म्हणून! माझा येतो. वहिनीचा तर इतका येतो की तिचा कॉफीचा मग मी न धुता तसाच सिंकमध्ये ठेवला.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा

वहिनीला दुपारी पाठवलेला मेसेज, जसाच्या तसा:

"वहिनी, सकाळी दादा आणि तू कपडे वाळत घालायच्या बांबूला गुढी बांधत होतात, नील कडुलिंब नको म्हणून पळत होता, म्हणून तेव्हा बोलले नाही. फाइल तू घेतलीस, हे मला कळलं आहे. या सोमवारीही तू ग्रुपवर लिहिलंस, हेही कळलं आहे. हे दुसरं दादाला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तू सांगायचं आहेस. चौसष्ट खोटा आहे हे शिरीष, अनुया आणि बाकीच्यांना मी आज कळवलं, तुझं नाव न घेता. जुगार सोडवायला मदत करणारी हेल्पलाइन आहे. फोन तू एकटीने केलास तरी चालेल, मी शेजारी बसले तरी चालेल. मी बुओना व्हिस्टाला खोली बघितली होती. ती नको म्हणून कळवलं. मी अजून तुझ्यावर अतिशय चिडलेली आहे आणि याच घरात राहणार आहे. रविवारी, २२ तारखेपर्यंत मला उत्तर दे."