वीस टक्क्यांचं मनगट

४ जुलै १९९९, मूल (जि. चंद्रपूर)
अपिलाची तारीख आली. २६ ऑगस्ट, मिलिटरी हॉस्पिटल, पुन्हा मेडिकल बोर्ड. मागच्या बोर्डानं माझं उजवं मनगट वीस टक्क्यांच्या आत बसवलं होतं, आणि वीसच्या आत अपंगत्वाची पेन्शन नाही. लेहच्या थंडीत कॉन्व्हॉयची गाडी सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि मनगट मोडलं, हे सरकारला मान्य आहे. किती मोडलं, यावर भांडण. या वेळी जिंकणार. आजपासून हाताला तेल-मालिश बंद. बोर्डासमोर हात जसा आहे तसा दाखवायचा.
शर्टाची बटणं बायकोनं, मलिकानं लावली. मला घाई होती.

५ जुलै
रात्री हात ठणकला. मलिकानं टोरीचं, मोहाच्या बियांचं तेल चोळलं. नियम पुढच्या सोमवारपासून.

११ जुलै
जाहिदभाऊंची जीप मूल-गडचिरोली मारतो. आज त्यांनी विचारलं, बशीरभाऊ, हात बरा आहे नं, स्टिअरिंग जड नाई जात? मी तांदळाचा कट्टा उचलून दाखवला. खूश झाले. मलिकाचं म्हणणं, मालकाले चांगला दाखवता, बोर्डाले खराब दाखवसान, मंग खरा हात कोणता? बायकांना ड्यूटीतलं कळत नाही. वळणावर मी डाव्या हातानंच स्टिअरिंग ओढतो, ती माझी स्टाइल आहे. पेन्शन मंजूर झाली की जीप सोडणार, घरासमोर सायकल दुरुस्तीचं दुकान. मलिकानं विचारलं, पाना कोन धरन?
ही डायरी डाव्या हातानं लिहितो. मेंदूला व्यायाम.

१५ ऑगस्ट
कारगिलमुळे यंदा फौजीला मान. शाळेत झेंड्याला मी प्रमुख पाहुणा! रस्सी ओढली, गाठ सुटेना. पुन्हा ओढली. शेवटी हेडमास्तरांनी मागून हात घातला. गाठ कुणी मूर्खानं बांधली होती. टाळ्या भरपूर पडल्या. मलिका बायकांत खाली बघत बसली होती.

१८ ऑगस्ट
लालसू आला. भामरागडकडचा, माझ्यानंतर भरती झालेला, बर्फावर पडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. त्याचंही बोर्ड २६ लाच. पावसात नदी चढली की त्यांचा रस्ता बंद, म्हणून बिचारा आठवडा आधीच निघाला. आपल्याकडेच राहणार. त्याचा अवतार पाहून वाईट वाटलं. खांदे पडलेले, चालण्यात फौज नाही. मी त्याला तयार करणार.

२१ ऑगस्ट
अंगणात लालसूला सावधान-विश्राम शिकवलं. म्हटलं, साहेबासमोर छाती बाहेर, आवाज खणखणीत. तो म्हणे, दादा, छाती नाई पाह्यत ते, हात पाह्यतात. समज कमी.
मलिका म्हणाली, तुमी बी प्रॅक्टिस करा. ती कर्नल झाली, मी समोर उभा. कणकेचा गोळा हातात देऊन म्हणाली, दाबा, दुखलं का सांगा. मी हळूच दाबायचं ठरवलं होतं. पण लालसू बघत होता. गोळा बोटांतून बाहेर आला. मलिकानं कणीक गोळा केली आणि पोळ्या लाटायला बसली.

२६ ऑगस्ट
ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.
लालसू आधी गेला. दार उघडंच होतं, सगळं ऐकू आलं. डॉक्टरसाहेबांनी पकड मोजायचा दांडा दाबायला सांगितलं (त्याला घड्याळासारखा काटा असतो). लालसूनं एकदा दाबला आणि म्हणाला, नाई जमत साहेब, दुखते. बस. ना सावधान, ना जय हिंद. मला शरम वाटली. नंतर साहेबांनी विचारलं तर घरचंही सांगत बसला. म्हणे कुऱ्हाड धरता येत नाही, सरपण बायको आणते.
मग माझा नंबर. टाच वाजवली, जय हिंद साब! साहेबांनी वर पाहिलं, हसले. कैसे हो? फर्स्ट क्लास साब! हाथ में तकलीफ? थोडी बहुत साब, चलता है. मग दांडा दिला आणि म्हणाले, जोर लगाओ जवान.
जवान. सात वर्षं झाली मला कुणी जवान म्हटलं नव्हतं. इथे मी ड्रायव्हर, नाहीतर ए जीपवाले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. मग जो दाबला! मनगटातून थेट बगलेपर्यंत आग गेली, पण चेहऱ्यावर रेघ हलू दिली नाही. काटा लालसूच्या दुप्पट. साहेब म्हणाले, व्हेरी गुड.
केस जिंकल्यात जमा.
बाहेर चहा घेतला. माझा कप लालसूनं धरला. चहा फार गरम होता.

९ सप्टेंबर
हात सुजलेला. पावसाची हवा. दुकानाच्या बोर्डासाठी पेंटरशी बोललो. ‘फौजी सायकल स्टोअर्स’.

३ नोव्हेंबर
लालसूचा निरोप आला, त्याचं झालं. तीस टक्के. त्याला तीस, म्हणजे मला किमान साठ. मलिकाला सांगितलं. ती भाजी निवडत राहिली.

१४ डिसेंबर
निकाल आला. पकड समाधानकारक. वीसच्या आत. अपील नामंजूर.
सैनिक ऑफिसातला क्लार्क म्हणाला, काका, तुमी तं तिथी लय चांगलं करून आले. त्याला काय म्हणायचं होतं कळलं नाही. दुसरं अपील करता येतं. करणार. पेंटरला सध्या थांबायला सांगितलं. आज कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

२० जानेवारी २०००
गडचिरोली रोडवर नाल्याच्या वळणावर जीप खाली गेली. माणसं वाचली. सोमारीबाई म्हणून एक म्हातारी होती, बाजाराला डिंक घेऊन निघालेली, तिचा पाय मोडला. ती ओरडत नव्हती. नुसती माझ्या हाताकडे बघत होती. स्टिअरिंग ढिलं असणार. जाहिदभाऊंना तसं सांगितलं.
मला किरकोळ. डावा हात थोडा सुजला आहे, लिहायला त्रास होतो. उद्या एक्स-रे.

३० जानेवारी
हे मी मलिका लिहून राह्यली. यायचा डावा हात प्लास्टरमधी आहे, उजव्यानं पेन धरवत नाई. दुसऱ्या अपिलाचं कच्चं लिहाचं म्हणून वही माह्याजोळ दिली. मांगचं वाचू नको म्हणाले. वाचलं.
जाहिदभाऊनं मिस्त्रीले जीप दाखवली. स्टिअरिंगले काई झालं नव्हतं. चाबी घेऊन गेले.
हे म्हणाले, लिही, हात किंचित थकला आहे. मी लिहिलं नाई. पेन खाली ठेवलं. चहा पाजला, मंग बोलले. बटन लागत नाई. नाडा बांधता येत नाई. कप धरवत नाई. लेहपासून एक रात दुखल्याबिगर गेली नाई. वळणावर हातच सुटला. म्हाताऱ्या बाईचा पाय माह्या हातानं मोडला, हे बी लिही म्हणाले.
लिहिलं.
मी यायले पुसलं, हेच तिथी बोर्डात काऊन नाई सांगतलं?
यायनं खिडकीकडे तोंड केलं.
मंग म्हणाले, साहेबानं मले जवान म्हटलं होतं.