मास्तरणीचे जंत

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, की अजून आमच्या ताईच्या, तुमच्या लेकीच्या, सोफ्यावरूनच हुकूम सुटताहेत? आम्ही दोघं बरे आहोत. तुमची कबुतरंही बरी आहेत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. ती कधी नेताय, एवढंच विचारायला हे पत्र.

कबुतरं आमच्या गच्चीत ठेवून तुम्ही लेकीकडे गेलात आणि मास्तरीण (नाव तुम्हीच ठेवलंत, वर्गावर नजर ठेवत फिरल्यासारखी फिरते म्हणून) वाळायला लागली. खायची भरपूर, पण पिसं फुगवून कोपऱ्यात बसायची, आणि छातीचं हाड हाताला टोचायला लागलं. मला घाम फुटला. तुमची सगळ्यात लाडकी, ती माझ्या ताब्यात असताना गेली तर तुम्हाला तोंड कसं दाखवू? तुमची सूनबाई म्हणाली, मी आधीच सांगितलं होतं. (काय ते मला आठवत नाही, पण तिने आधी सांगितलं नव्हतं असं या घरात आजवर काही घडलेलं नाही.)

मास्तरणीची ताजी विष्ठा (तुमच्या वयाला मान देऊन हा शब्द) डबीत घेऊन मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. मामा, काय सांगू! जंतांची अंडी, लांबट, जाड कवचाची, एकेक घोटून काढल्यासारखी. दोन ओंजळींत मावणाऱ्या जिवाच्या पोटात कुणीतरी अख्खा संसार थाटला होता आणि तिने कुरकुर म्हणून केली नाही. मला नुसतं पित्त झालं तरी मी घर डोक्यावर घेतो. मी डोळा काढेचना, तेव्हा बाईंनी मागे एक मांजर ताटकळलंय याची आठवण करून दिली.

औषध एकीला देऊन भागत नाही, सगळ्यांनाच द्यावं लागतं. रात्री पाण्याची भांडी उचलायची आणि सकाळी तहानलेल्या कबुतरांपुढे औषधाचं पाणी ठेवायचं. मी तसंच केलं, पण एकही चोच बुडेना. दुसऱ्या सकाळीही तेच. मी थक्क! औषध ओळखतात म्हणून शेजाऱ्यांपुढे कबुतरांच्या बुद्धीवर छोटंसं भाषणही ठोकलं. मग एकदा लवकर जाग आली, तर सूनबाई गच्चीत उकिडवी बसून त्यांना साधं पाणी पाजतेय. हाकलून द्या म्हणून जिने माझं डोकं खाल्लं, तीच.

"तुम्ही पाणी काढून घेता," ती म्हणाली, "तहानेनं मरतील ना ती."

मग चोचीत थेंब घालायचे ठरले. पण राखाडी कबुतरं सगळी सारखीच, कुणाला दिलं नि कुणाला नाही कसं कळणार? सूनबाईने नेलपॉलिश आणलं. मी थेंब घालायचे, तिने पायाचं एक नख रंगवायचं. मास्तरीण तिच्या मांडीवर डोळे मिटून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी खाली अंथरलेल्या कागदावर दोऱ्यासारखे जंत पडलेले. सूनबाई नाक मुरडून पळेल म्हणून मी वाट सोडून उभा राहिलो, तर ती वाकून बघतच राहिली.

"एवढं सगळं घेऊन बसली होती ही?" म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले. (मी धुळीचं निमित्त सांगितलं.)

आता कबुतरांच्या ढाबळीची जमीन रोज खरवडून कोरडी ठेवतो, आणि दाणे खाली न टाकता ताटलीत घालतो, म्हणजे विष्ठेतली अंडी पुन्हा पोटात जायला नकोत. औषधाची दुसरी खेप अजून व्हायची आहे. परवा मास्तरीण उडाली. समोरच्या टाकीवरून केवढी मोठी फेरी मारून आली! आम्ही दोघं तोंड उघडं टाकून वर बघत राहिलो. (कबुतरांखाली तसं उभं राहू नये, हे लगेच कळलं.)

ताईला आशीर्वाद मागितले म्हणून सांगा, गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा

ता. क. कबुतरांची लाल नखं बघून दचकू नका.

आणखी एक ता. क. न्यायला याल तेव्हा बाकीची सगळी न्या, मास्तरीण तेवढी इथे राहू दे. सूनबाई शेजारी बसून हे माझ्याकडून लिहून घेतेय. बायकोपुढे माझं काय चालणार?

शेवटचा ता. क. वरचं खोटं आहे. सूनबाई गच्चीवर आहे, तिला या पत्राचा पत्ताही नाही. मागणं माझंच आहे.