दह्यासाठी न्हाई चालले मी

प्रिय आत्याबाई,

बघा, 'प्रिय' लिहिलं! तुम्ही होतात तोवर पदर सावरण्यातच माझा वेळ गेला, प्रिय म्हणायची छाती कुठली? आता तुम्हाला उलट बोलता येत नाही म्हणून सुनेनं हात धुऊन घेतले.

लिहायचं कारण असं. तुमचा नातू संजू, ज्याला कडेवर घेऊन तुम्ही बोटीवर चढलात, तो आता इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या, एअर फोर्समध्ये विमानांची देखभाल बघतो. मेलबर्नजवळ पॉइंट कुकला आमचं घर आहे. त्याची बदली झालीय मलेशियात, पेनांग नावाच्या बेटावर, बायकोमुलीसकट. पुन्हा बेट! आपल्या घराण्याच्या पत्रिकेतच पाणी लिहिलंय की काय?

घरात नुसता पसारा आहे. सामानाला रंगीत चिठ्ठ्या लावायच्या असतात. निळी म्हणजे बोटीनं जाणार, पिवळी म्हणजे विमानानं, आणि लाल म्हणजे इथेच गोदामात पडून राहणार. काल बघते तर संजूच्या इरानं, तुमच्या पणतीनं, लाल चिठ्ठी स्वतःच्या खोलीच्या दाराला लावलेली! आतून आवाज आला, "I'm storage. I'm not going."

बाप ओरडला, आई समजावत बसली. मी कुठल्या तोंडानं समजावणार? मनातल्या मनात तीच लाल चिठ्ठी मी स्वतःला लावून बसले होते.

आज सकाळी संजू म्हणाला, "आई, नको वाटत असेल तर पुण्याला मावशीकडे राहा. मी सोडायला येतो. पण उद्या सकाळी मला ऑफिसात नावं कळवायचीत." सूनबाई केतकी म्हणाली, "तुम्ही ठरवा आई, दडपण नाही." गुणाची आहे हो पोर. पण म्हणताना तिचे डोळे काही वेगळंच सांगत होते. ते डोळे मी ओळखते. आपल्या अंगणात, म्हशीच्या गोठ्याशी, तुमच्याकडे बघणारे माझे डोळे तसलेच होते की!

आठवतं? नेव्हीतल्या तुमच्या लेकाची बदली झाली पोर्ट ब्लेअरला. संजू अजून रांगतही नव्हता. मी कधी कऱ्हाडच्या पुढं गेले नव्हते आणि निघाले कुठं, तर काळ्या पाण्याला! तुम्ही आधी साफ सांगितलंत, "मी समुद्र वलांडायची न्हाई. माझी म्हस हाय, माझं घर हाय." मी गोठ्याशी तोंड लपवून रडले. तुम्ही ते बघितलंत. सकाळी धाकट्या भावजींच्या हातात म्हशीचं दावं दिलंत आणि म्हणालात, "ही तू बघ. ती पोर येकटी पडंल तिथं."

एवढंच. तेव्हा वाटलं, सासूच ती, येणारच. आज तुमच्या त्या वयाच्याही पुढं गेले, तेव्हा कळतंय काय सोडून आलात ते. किती उशिरा उजेड पडतो माणसाच्या डोक्यात!

आणि एक तक्रार आहे. बोट आम्हा सगळ्यांनाच लागली, आणि तुम्ही कोपऱ्यात तोंड खाली घालून बसलेल्या. मी विचारलं तर म्हणालात, "जप करतीया." कसला जप हो! बादली होती समोर! पुढं कितीतरी वर्षांनी तुमच्या लेकानं सांगितलं, की पाण्याचं भय तुम्हाला लहानपणापासून, विहिरीतसुद्धा वाकून बघायच्या नाहीत. मला का नाही सांगितलंत? मी काय तुम्हाला हसणार होते?

पण खरी गंमत तर क्वार्टरवर पोचल्यावर झाली. ट्रंकांच्या दोऱ्या अजून सुटल्या नव्हत्या. तुम्ही पिशवीतून पितळी वाटी काढलीत, संजूला कडेवर घेतलंत आणि शेजारच्या दाराकडे निघालात.

"कुठं निघालात?"

"विरजण मागाया."

"अहो, लाल मिरच्या आहेत की आपल्याकडं! त्यांच्या देठानं दही लागतं, तुम्हीच शिकवलंत ना?"

"गप गं. दह्यासाठी न्हाई चालले मी."

लाजेनं मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. शेजारीण मद्रासकडची, तिला मराठी कळेना, तुम्हाला तिचं बोलणं कळेना. तरी तासाभरानं परत आलात तेव्हा वाटीत विरजण होतं, संजू तिकडंच तिच्या पोरीच्या मांडीवर होता आणि रात्रीच्या सांबाराची सोय झालेली होती. मला म्हणालात, "नव्या जागी आधी द्याया जाऊ नये, समोरचा बिचकतो. मागाया जावं. मागितलं की त्याला वाटतं, हिला आपली गरज हाय."

शाळा मी सातवीतच सोडली. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. पण तुमचं ते वाक्य कुठल्याच पुडीत मिळालं नाही.

ती वाटी इथेही आलीय बरं का! पॉइंट कुकला आलो तेव्हा मी ती घेऊन निघाले, तर संजू आडवा आला. "आई, इथे असं कुणाच्या दारात जात नाहीत. काय म्हणेल ती शेजारीण?" मी म्हटलं, "काय म्हणायचं ते तिच्या भाषेत म्हणेल, मला कुठं कळणार आहे!" दार उघडलं एका ग्रीक म्हातारीनं, एलेनी तिचं नाव. मी वाटी दाखवून "योगर्ट, लिटल" म्हटलं, तर बाई खुदकन हसली. तीही घरीच दही लावते! आता तिच्या झाडाची लिंबं माझ्या लोणच्यात असतात. माझी बरणी बघून "टू हॉट!" ओरडते आणि संपवते.

तर आज संध्याकाळी इराच्या दारावर टकटक केली. ती उशीत तोंड खुपसून पडलेली.

"Dad ने पाठवलं?"

"नाही गं. तुझ्या पणजीनं पाठवलं."

मग सांगितलं सगळं. म्हैस, बोट, बादली, वाटी. बादलीपाशी पोरगी हसली.

"But Aaji, तिकडे दही नसलं तर?"

"नारळ मागू."

"And if they say no?"

"तरी तोंडओळख झालीच की."

तिनं उशी बाजूला सारली. मग हळूच विचारलं, "तू येणार? Like, actually?"

आत्याबाई, खरं सांगते, तोवर माझंही ठरलं नव्हतं. मला भय वाटतं हो. नवं घर, नवे डॉक्टर, गुडघे हे असे. पण त्या पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि तुम्ही गोठ्याशी काय बघितलं असेल ते दिसलं. म्हटलं, "येणार."

ती ताडकन उठली. दाराची लाल चिठ्ठी टरकावली. बोटीच्या खोक्यात भरलेली वाटी उपसून काढली, आपल्या मोज्यात गुंडाळली आणि पाठीवरच्या पिशवीत टाकली. "हे माझ्यासोबत plane मध्ये. Obviously." आणि जाता जाता एक पिवळी चिठ्ठी माझ्या खांद्यावर चिकटवून गेली. ती अजून तशीच आहे. केतकीनं बघितली आणि माझा हात धरला.

तुमच्यापुढं हात जोडायचं राहूनच गेलं होतं, ते आज इतक्या उशिरानं करतेय. तुम्ही म्हैस सोडलीत म्हणून मी त्या बेटावर माणसांत राहिले. ते तुमच्यापर्यंत परत पोचवता येत नाही, पुढंच द्यावं लागतं.

तेव्हा शब्द देते. पेनांगच्या घरात पहिलं खोकं उघडायच्या आधी शेजारचं दार वाजेल. मी मागं उभी राहीन, वाटी इरा पुढं करेल. आणि कुणी म्हणालं, की दही तर दुकानात मिळतं, तर काय सांगायचं ते तिच्याकडून पाठ करून घेतलंय.

तुमची सून,
पिवळ्या चिठ्ठीची सुमन